पुनर्वसन : छप्पर आणि पत

‘पुनर्वसन’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत दोन अगदी भिन्न वर्गांतील माणसांसाठी वापरला जातो. एक वर्ग धरणग्रस्त, भूकंपग्रस्त, दंगलग्रस्त आणि झोपडपट्टीवासी यांचा. दुसरा वर्ग निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यांचा. आमदारकी गेलेल्या नेत्याला विधान परिषदेवर घेतले किंवा एखाद्या महामंडळाचे अध्यक्षपद दिले की ‘अमुक यांचे राजकीय पुनर्वसन’ असा मथळा झळकतो. वाचक तो हसत वाचतो. शब्द उपरोधाने वापरला आहे असे त्याला वाटते. माझे म्हणणे उलट आहे. या शब्दाचा पुरा अर्थ आजच्या मराठीत कुठे शिल्लक असेल तर तो याच मथळ्यात आहे. धरणग्रस्ताच्या आणि दंगलग्रस्ताच्या वाट्याला त्यातला अर्धाच अर्थ आला आहे.

हे उलगडून सांगायला हवे. पुनर्वसन हा ‘रिहॅबिलिटेशन’ या इंग्रजी शब्दासाठी आपण रूढ केलेला प्रतिशब्द. त्या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्या मुळाशी घर नाही, गाव नाही, वस्तीही नाही. तिथे ‘हॅबिलिस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ समर्थ, लायक, पात्र. एखाद्याचा काढून घेतलेला हुद्दा, हक्क किंवा मान त्याला रीतसर परत करणे, यासाठी मध्ययुगीन युरोपात त्यापासून झालेले क्रियापद वापरीत. म्हणजे माणूस कुठे राहतो हा त्या शब्दाचा विषयच नव्हता. चारचौघांत त्याला काय स्थान आहे, हा विषय होता. वैद्यकशास्त्राने हा अर्थ बराचसा सांभाळला आहे. अर्धांगवायूच्या रोग्याचा हात पुन्हा कामाला लागावा यासाठी जे करतात त्यालाही पुनर्वसन म्हणतात, आणि तिथे कोणी कोणाला नवे घर देत नाही.

मराठीने प्रतिशब्द करताना ‘वस्’ हा धातू घेतला. वस्ती, वसाहत, निवास यांच्याच कुळातला. हिंदीने ‘पुनर्वास’ केला तोही त्याच धातूवरून. उर्दूत ‘बाजआबादकारी’ म्हणतात. तिथेही पुन्हा वसवणेच आहे. मात्र ‘आबाद’ या फारसी शब्दात नुसती वस्ती नाही, भरभराटही आहे. आपल्या मराठीतला ‘आबादीआबाद’ आठवावा. कानाला आबाद आणि बरबाद ही जोडी वाटते. कोशकार दोहोंची व्युत्पत्ती निराळी देतात, पण बोलणाऱ्याच्या मनात ते एकमेकांचे उलटे अर्थ होऊन बसले आहेत आणि ते काही चुकीचे नाही. संस्कृतातही ‘पुनर्वसु’ हा जुना शब्द आहे. पावसाचे ते नक्षत्र शेतकऱ्याला पाठ असते. त्यातला ‘वसु’ म्हणजे धन, चांगली वस्तू. गेलेले धन पुन्हा येणे, असा तो शब्द. आपल्या पुनर्वसनात हे धनही नाही आणि ती भरभराटही नाही. त्यात फक्त राहणे आहे.

प्रतिशब्द करणाऱ्यांना मी दोष देत नाही. फाळणीनंतर लाखो माणसे उघड्यावर आली होती. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात मदत आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले, तेव्हा डोक्यावर छप्पर हीच पहिली गरज होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली त्या जागेचे उल्हासनगर झाले. शब्दाने त्या वेळची गरज पकडली. पण शब्दांचे एक असते. ते गरज भागल्यावरही तिथेच थांबून राहतात आणि पुढच्या पिढीच्या विचाराला तेवढेच माप देतात. पुनर्वसन म्हणजे घर, हे समीकरण एकदा बसले की घर दिल्यावर सरकारचा हिशोब पुरा होतो. फाइल बंद होते. नंतर तो माणूस काय करतो, कोण त्याला विचारतो, बाजारात त्याचा शब्द चालतो की नाही, हे प्रश्न पुनर्वसनाचे राहत नाहीत. मराठीत याला फार चांगला शब्द आहे : पत. पुनर्वसनाने छप्पर दिले आणि पतीचा विषय सोडून दिला.

पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते. त्याचे घर गेलेले नसते. गेलेली असते ती पत, आणि तीच त्याला परत मिळते. लाल दिव्याची गाडी २०१७ साली बंद झाली, पण मान चालू राहतो. त्याला कोणी रहिवासाचा पुरावा मागत नाही. त्याच्यासाठी पात्रतेची अंतिम तारीख नसते.

पात्रतेचा उल्लेख आला म्हणून मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेकडे पाहावे लागते. १९९५ साली या योजनेसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. घराचे माप सुरुवातीला २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ झाले, नंतर ३०० झाले. झोपडीची अंतिम तारीख १ जानेवारी १९९५ होती, ती १ जानेवारी २००० झाली. पुढे २०११ पर्यंतच्या झोपड्यांचा विचार पैसे भरून करण्याचे ठरले. या साऱ्या व्यवहारात वस्तीतल्या माणसाच्या तोंडी बसलेले दोन शब्द म्हणजे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. यादी लागते. त्यात नावापुढे यांपैकी एक शब्द असतो आणि त्यावर पुढच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ठरते. भाषेच्या अभ्यासकाने इथे थांबायला हवे. मूळ शब्दाचा अर्थ होता, अपात्र ठरवलेल्या माणसाला पुन्हा पात्र करणे. आपल्याकडे माणसाने आधी पात्र असावे लागते, मग त्याचे पुनर्वसन होते. शब्द पुरता उलटा झाला, आणि याचे कोणालाही आश्चर्य वाटले नाही, कारण मराठी शब्दाच्या पोटात ‘पात्र’ हा अर्थ मुळात उतरलाच नव्हता.

किल्लारीचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. हे काम मोठे होते आणि वेगाने झाले, हे मान्य करायला हवे. पण घरे तीन मापांची बांधली गेली : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणते माप, हे त्याच्या नावावर जमीन किती यावर ठरले. भूमिहीन मजूर सर्वांत लहान घरात गेला. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांत फरक केला नव्हता. तो पुनर्वसनाने केला. म्हणजे पत परत देण्याचा अर्थ सरकारला अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. ज्याची होती त्याची ती मोजून परत दिली गेली.

आता आपल्याकडे, म्हणजे मुस्लिम समाजाकडे येतो. या शब्दाशी आपली पहिली ओळख फार विचित्र रीतीने झाली. फाळणीनंतर निर्वासितांना द्यायची भरपाई बऱ्याच अंशी ज्या मालमत्तेतून द्यायची होती ती पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांची होती. त्यासाठी १९५० चा निष्क्रांत मालमत्ता कायदा झाला आणि १९५४ चा भरपाई व पुनर्वसन कायदा झाला. दिल्ली, उत्तर प्रदेश या भागांत ‘कस्टोडियन’ हा शब्द उर्दू घरांत त्या दिवसांतच शिरला. जो गेला नव्हता, पण जाण्याच्या बेतात आहे असा संशय होता, त्याच्यासाठीही कायद्यात एक वर्ग केलेला होता. तो १९५३ साली रद्द झाला. समोरच्या निर्वासिताचे दुःख खरे होते, त्याचे घर लाहोरला किंवा कराचीला खरोखरच गेले होते. पण इकडच्या मुसलमानाने पुनर्वसन हा शब्द प्रथम ऐकला तो दुसऱ्याच्या पुनर्वसनासाठी आपले कुलूप तपासले जाताना. स्वतःसाठी हा शब्द मागता येतो, हे त्याच्या मनात यायला फार वर्षे लागली. मला वाटते, अजूनही ते नीटसे आलेले नाही.

या शब्दाची सर्वांत कठोर परीक्षा उर्दू कथेने केली आहे, आणि ती सरकारी फायलींच्या बाहेर जाऊन केली आहे. राजिंदर सिंह बेदी यांची ‘लाजवंती’ आपल्यापैकी अनेकांनी मुळातून वाचली असेल. फाळणीच्या दंगलीत दोन्ही बाजूंच्या हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ साली कायदा झाला. पण परत आलेल्या कित्येकींना त्यांच्या घरच्यांनी ओळख दाखवली नाही. बेदींच्या कथेत लुधियानातल्या एका मोहल्ल्यात समिती स्थापन होते. निर्वासितांना धंद्यात वसवा, जमिनीवर वसवा, घरांत वसवा, अशी मोहीम आधीपासून चालू असते. ही नवी समिती म्हणते की या बायकांना मनात वसवा. समितीचा चिटणीस सुंदरलाल. त्याची स्वतःची बायको लाजवंती हरवलेली आहे. पूर्वी तो तिला मारीत असे. पहाटेच्या फेरीत सर्वांत कळवळून घोषणा देणारा तोच.

मग लाजवंती परत येते आणि सुंदरलाल आपल्या घोषणेला जागतो. तिला घरात घेतो, हात उगारीत नाही, तिला देवी म्हणतो. सामान्य कथाकार इथे थांबला असता. बेदी इथून पुढे खरी कथा लिहितात. लाजवंतीला आपल्यावर काय गुजरले ते नवऱ्याला सांगायचे असते. तो ऐकून घ्यायला तयार नाही. मागचे जाऊ दे, म्हणतो. तिला हवी असते पूर्वीची लाजो, जी गाजरावरून भांडत असे आणि मुळ्यावरून मानत असे. ती तिला मिळत नाही. देवीशी कोणी भांडत नाही. घर मिळाले, अन्न मिळाले, आदरसुद्धा मिळाला, आणि बाईची पत गेली ती गेलीच, कारण भांडण्याचा हक्क हीच तिची त्या घरातली पत होती. मोहल्ल्याच्या हिशोबाने तिचे पुनर्वसन पूर्ण झाले आहे. बेदींनी वसणे आणि उजाड होणे एकाच वेळी, एकाच बाईत दाखवले. त्यांनी सुंदरलालला खलनायक केले नाही, हे त्या कथेचे मोठेपण आहे. तो मनापासून चांगला वागतो, आणि त्याच्या चांगुलपणातच तिचे बोलणे बुडते.

मराठीत या विषयावरची मोठी कृती म्हणजे विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’. १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः महसुली प्रशासनातले अधिकारी, त्यामुळे भूसंपादनाची नोटीस, मोजणी, वाटप, मध्ये हात मारणारे दलाल हे सगळे त्यात आतल्या माहितीने आले आहे. धरणग्रस्तांचे गाव कसे मोडते ते या कादंबरीइतके तपशिलाने दुसरीकडे आलेले नाही. तिची मर्यादा एवढीच की ती अन्यायाच्या नोंदी करता करता थकत नाही, आणि या नोंदींच्या गर्दीत माणूस क्वचित एकटा सापडतो. बेदींच्या वीसेक पानांत जे होते ते इथे शेकडो पानांत होत नाही. तरीही एक गोष्ट ती कादंबरी पक्की सांगते : जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली तरी नव्या गावात धरणग्रस्त हा ‘धरणग्रस्त’च राहतो. शेजारचे जुने गाव त्याला पाण्यावर आणि पारावर बरोबरीचा मानीत नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा दिली होती. तिच्यात पर्यायी घराची मागणी नव्हती. (दोन्ही नामे फारसी आहेत, आणि मावळातल्या शेतकऱ्याला ती परकी वाटली नाहीत, हे जाता जाता.)

धरणाच्या पुनर्वसनात आपल्या समाजापुढे आणखी एक प्रश्न येतो आणि त्याची चर्चा आपल्या लेखनात झालेली नाही. सरकार गाव घरांनी मोजते. जमात घरांनी मोजता येत नाही. कोकणातले मुसलमान शाफई मसलकाचे. त्या मसलकाप्रमाणे जुम्याच्या नमाजीसाठी गावात कायम राहणारे चाळीस पुरुष लागतात. साठ घरांची मोहल्ला-वस्ती तीन नव्या गावठाणांत वाटून टाकली, तर प्रत्येकाला भूखंड मिळेल, नळ मिळेल, वीज मिळेल, पण त्यांपैकी एखाद्या ठिकाणी जुमा उभा राहणार नाही. कब्रस्तान पाण्याखाली जाते त्याचे दुःख सर्वांना समजते. जुमा मोडला याचे दुःख फक्त जमातीला समजते, आणि ते लिहिले नाही तर कोणालाच समजणार नाही. भरपाईच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. रकाना असावा असा माझा आग्रहही नाही. कथेत तरी तो असावा.

कधी कधी घर जागच्या जागी राहते आणि तरीही माणूस उठतो. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन आणि आसपासच्या गावांतली सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. खाडीपलीकडच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमार मुसलमानांची जमीन गेली नाही. त्यांचे भय समुद्राचे होते. बंदोबस्तामुळे जायच्या वाटा बंद होतील आणि तापलेल्या पाण्याने मासळी हटेल, असे ते म्हणत होते. एप्रिल २०११ मध्ये तिथे आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. जमीन गेलेल्यांना पॅकेज होते, नोकरीचे आश्वासन होते. मच्छीमारांना आपणही बाधित आहोत हे आधी पटवून द्यावे लागले. ‘वसन’ या शब्दाला समुद्र दिसत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने उपजीविका गमावणाऱ्यांना बाधित कुटुंबांत धरले, ही त्या कायद्याची खरी सुधारणा. तिथे इंग्रजीत रिहॅबिलिटेशन आणि रिसेटलमेंट असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवावे लागले. कारण एकात दुसरा येत नाही.

शहरातल्या दंगलग्रस्तांच्या वाट्याला हा अर्धा शब्दही आला नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मारली गेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यानंतर मिश्र वस्त्यांतली किती तरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. या जाण्याला कोणी विस्थापन म्हटले नाही आणि तिथल्या राहण्याला कोणी पुनर्वसन म्हटले नाही. ती माणसे स्वतःही म्हणतात, ‘हम शिफ्ट हो गये.’ इतका निरुपद्रवी शब्द. बदली झाल्यावर नोकरदार शिफ्ट होतो, तसा. आपल्यावर जे झाले त्याला कमीत कमी आवाजाचा शब्द शोधायचा, हीही भ्यालेल्या माणसाची भाषिक सवय असते. समाजशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करोत. लेखकाने तिची नोंद तर करायला हवी.

या न बोललेल्या विस्थापनाचा परिणाम तीस वर्षांनी कागदावर आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दंगलींसंबंधी निकाल दिला. बेपत्ता झालेल्यांची संख्या १६८ होती. त्यांपैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई पोचली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधून काढा, असे न्यायालयाला सांगावे लागले. काहींचा पत्ता लागत नव्हता, काहींचे कागद पुरे नव्हते. पत्ता कसा लागणार? जुन्या पत्त्यावर राहणे अशक्य झाले म्हणून तर ती माणसे गेली होती. पुनर्वसनाची रक्कम अशा घरी पोचवायची होती की जिथून माणूस उठला आहे. यावर एखादी कथा व्हावी इतका हा प्रसंग भरलेला आहे.

गुजरातेत २००२ नंतर छावण्या बंद झाल्या तेव्हा सरकारने वसाहती बांधल्या नाहीत. त्या मुस्लिम संस्थांनी बांधल्या. या कामाचे मोल कमी लेखणारा मी कोणी नव्हे. पण अहमदाबादेत त्यांतली सिटिझन नगर ही वसाहत शहराच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी आहे, आणि अनेक वसाहतींतली घरे वर्षानुवर्षे राहणाऱ्याच्या नावावर झाली नाहीत. आपल्या संस्थांनीही पुनर्वसन म्हणजे छप्पर, हाच अर्थ निमूटपणे उचलला होता. याचे मला जास्त वाईट वाटते, कारण आपल्याजवळ त्याहून पुरा नमुना होता.

मदिन्यातल्या मुआखातची हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो. मक्केहून सर्वस्व सोडून आलेल्या मुहाजिरांचे आणि मदिन्याच्या अन्सारांचे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी भावाचे नाते जोडून दिले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपले भाऊ झालेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. आपल्याकडच्या वअजांत ही कथा बहुधा इथे संपते. अन्सारांच्या दिलदारपणाची स्तुती होते आणि पाठोपाठ चंद्याची झोळी फिरते. हदीसमध्ये कथा पुढे आहे. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी भावाला बरकतीची दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही आणि बाजार कुठे आहे ते विचारले. बनू कैनुकाच्या बाजारात ते गेले, तूप आणि सुकवलेले पनीर विकून आले. थोड्याच दिवसांत त्यांचे लग्न झाले आणि पुढे ते मदिन्यातल्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले गेले. विस्थापिताने काय मागितले, हे या घटनेत पाहण्यासारखे आहे. त्यांनी बाजार मागितला. आणि ज्या मदिन्यात ते परवा आले, त्या मदिन्याने त्यांना बाजारात उभे राहू दिले, त्यांच्याशी सौदा केला. सअद (रजि.) यांच्या दानाइतकीच ही दुसरी गोष्ट मोठी आहे. मुहाजिर हे नावसुद्धा तिथे कमीपणाचे झाले नाही. आपल्याकडे ‘दंगलग्रस्त’ हे विशेषण मुलीच्या सोयरिकीत अडचण होते.

पत परत देणे या अर्थाने पुनर्वसनाची सर्वांत जास्त गरज आज ज्यांना आहे, त्यांना घराची गरज नसतेच. दहशतवादाच्या आरोपातून वर्षांनी सुटलेल्या तरुणांविषयी मी बोलतो आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले मुसलमान, आणि आरोपी म्हणून पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तेव्हा त्यांतला एक हयात नव्हता. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतल्या एकाचाही तुरुंगातच मृत्यू झालेला होता. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत चालणार नाही, असा अंतरिम आदेश झाला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत पाठवले गेले नाही. अशा माणसाला घर असते. आई असली तर आई असते. नोकरी देणारा, भाड्याने दुकान देणारा, पोराला शाळेत शेजारी बसवून घेणारा, हे नसतात.

फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि त्याला डेव्हिल्स आयलंडवर डांबले गेले. १९०६ साली न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, तेव्हा त्या कृतीला फ्रेंचमध्ये ‘रेहाबिलितासियाँ’च म्हणतात. त्याला सैन्यात परत घेतले आणि मेजर केले. तरी कैदेतली वर्षे सेवेत धरली गेली नाहीत, म्हणून तो पुढच्याच वर्षी निवृत्त झाला. तेवढी कसर राहिली होती, तिच्यासाठी जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा देण्याचे विधेयक एकमताने संमत केले. आपल्याकडे विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांसाठी कायदा सुचवला आहे. त्यात पैशाच्या भरपाईबरोबर मानसिक उपचार आहेत, कामाचे शिक्षण आहे आणि खटल्यामुळे चिकटलेल्या अपात्रता काढून टाकण्याची तरतूद आहे. अपात्रता काढून टाकणे : लॅटिन शब्दाचा हा जवळजवळ शब्दशः अर्थ. त्या शिफारशीप्रमाणे वेगळा कायदा झालेला नाही.

सुटलेल्यांपैकी काहींनी लिहिले. लोकलगाड्यांच्या खटल्यात २०१५ साली निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांचे ‘बेगुनाह कैदी’ उर्दूत आले. चौदा वर्षे तुरुंगात काढलेले दिल्लीचे मोहम्मद आमिर खान यांचे ‘फ्रेम्ड अ‍ॅज अ टेररिस्ट’ हे पुस्तक नंदिता हक्सर यांच्या सहकार्याने २०१६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांवर आपल्याकडे जे बोलले जाते त्यात ‘दस्तऐवजी मूल्य’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. मी तो समीक्षेतला ‘अपात्र’ असा शिक्का समजतो. लेखक म्हणून तुम्ही बसत नाही, साक्षीदार म्हणून बसा, असा त्याचा अर्थ. सत्तरच्या दशकात दलित आत्मकथनांनाही प्रस्थापित समीक्षेने सुरुवातीला हेच सांगितले होते, आणि तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिच्यावर कडाडून टीका केली होती. ‘बेगुनाह कैदी’मध्ये कोठडीचे आणि छळाचे वर्णन कोरडे आहे, जवळजवळ पंचनाम्यासारखे. हा कोरडेपणा कलेचा अभाव आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या तोंडी खोटा कबुलीजबाब घालण्यात आला, तो स्वतःच्या शब्दात विशेषण घालताना दहा वेळा विचार करणारच. आमिर खान यांच्या पुस्तकात तुरुंगाइतकीच पाने बाहेरच्या जगासाठी हवी होती, असे वाटत राहते. चौदा वर्षांत जुन्या दिल्लीचा बाजार बदलला, वडील गेले, आईची वाचा गेली. परत आलेल्या मुलाला ऐकू येणारे ते घर, हा लाजवंतीच्या घराच्या अगदी शेजारचा विषय आहे.

आपल्या कथांत दंगल पुष्कळ आली. जळते घर, पळणारी बाई, दाराआड लपवणारा शेजारी, हे आता आपल्या हाताला सरावाचे झाले आहे. दंगलीनंतरची वीस वर्षे फार थोडी आली. मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांतली दुसरी पिढी आता लिहू लागेल. तिच्यासाठी दंगल ही आजीने सांगितलेली गोष्ट आहे. तिच्या स्वतःच्या अनुभवात आहे तो नोकरीच्या अर्जातला पत्त्याचा रकाना, बँकेतल्या कारकुनाचे पत्ता वाचून वर पाहणे, आणि जुन्या चाळीतल्या मैत्रिणीच्या लग्नाला गेल्यावर तिच्या आईने काढलेले उद्गार : ‘किती बदललीस गं तू, कुठे असतेस आता?’ या प्रश्नाला ती मुलगी काय उत्तर देते, तिथून कथा सुरू करता येईल.